गिळलेल्या रागाचं मोजमाप

राग मोजायचं काम रागीट माणसाने हाती घेऊ नये, असं आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दंतवैद्य मला अगदी सुरुवातीलाच म्हणाले होते. मी त्यांना सांगितलं की मी रागीट नाही. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या दाढा मी पाहिल्यात. झोपेत दात चावणारा माणूस दिवसा जे बोलत नाही, ते रात्री चावतो." मी हसले आणि गप्प बसले. आता वाटतं, तेव्हाच त्यांच्याशी भांडायला हवं होतं. निदान हात साफ झाला असता.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. सहयोगी प्राध्यापक व्हायला मला एक लेख हवा होता. कुठलाही चालणार नव्हता. 'मानसमापन पद्धती' नावाचं एक त्रैमासिक आहे, त्यातच यायला हवा होता. राखाडी मुखपृष्ठ, मुंगीएवढी अक्षरं, आणि आत माणसाचं मन मोजायचं कसं यावरचे लेख. प्रश्न सरळ विचारावा की आडून, उत्तराला पायऱ्या चार असाव्यात की पाच, अशा गोष्टींचा तिथे कीस पडतो. एका अंकात 'कधीकधी' आणि 'अधूनमधून' या दोन शब्दांत नेमका फरक किती, यावर पानंच्या पानं खर्ची पडली होती. पुढच्या अंकात कुणीतरी 'क्वचित'ची बाजू घेऊन खरमरीत उत्तर दिलं. हे त्रैमासिक वाचणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. त्यात छापून यावं म्हणून तडफडणारी माणसं मात्र आमच्या स्टाफरूममध्ये जागोजाग बसलेली असतात.

"मॅडम, एक लेख, बस्स," प्राचार्य म्हणाले. ते नेहमी हळू आवाजात बोलतात. त्यामुळे समोरच्याला मोठ्याने बोलायची लाज वाटते, आणि हीच त्यांची प्रशासकीय क्षमता आहे. "नियमच तसा आहे. नाहीतर मला काय, मी आजच सही केली असती."

संस्थेच्या अध्यक्षांचे भाचे, ज्यांना आम्ही सगळे भाचेसाहेब म्हणतो, माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी रुजू झाले आणि माझ्याआधी सहयोगी प्राध्यापक झाले. त्यांच्या वेळी नियम प्रवासात होता म्हणे. मी प्राचार्यांना "बरं" म्हटलं आणि बाहेर पडले. जिन्यात माझ्या लक्षात आलं की मी पर्सचा पट्टा इतका पिळलाय की त्याची शिवण उसवली आहे.

तिथेच विषय सुचला. बाहेर पडणारा राग मोजणाऱ्या पट्ट्या पुष्कळ आहेत: कोण ओरडतं, कोण आदळआपट करतं, कोण हात उगारतं. पण जो राग येतो आणि बाहेर पडत नाही, घशाखाली जातो, तो कुणी मोजलाय? मूग गिळून गप्प बसणाऱ्यांच्या पोटात एकूण किती मूग साठलेत, याचा हिशोब कुणाकडे आहे? मी ठरवलं, गिळलेल्या रागाची मोजपट्टी तयार करायची.

विधानं तर मला चालता-बोलता सुचू लागली. 'चूक दुसऱ्याची असली तरी मी असू द्या म्हणून विषय संपवते.' 'राग आला की मी वस्तू गरजेपेक्षा जोरात खाली ठेवते.' 'ज्याच्यावर राग आहे त्याच्याशी मी जास्तच गोड बोलते.' माझ्या नवऱ्याने यादी वाचली आणि म्हणाला, "छान आहे. पण अशी माणसं कुठे भेटणार?" तो रंगाच्या कंपनीत विक्री खात्यात आहे. भिंत सोडून दुसऱ्या कशाचं निरीक्षण करायची त्याला सवय नाही. मी चहाचा कप गरजेपेक्षा जोरात खाली ठेवला. त्याच्या काही लक्षात आलं नाही.

माणसांना प्रश्न विचारायचे तर कॉलेजच्या नीतिसमितीची परवानगी लागते. समितीचे अध्यक्ष रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. त्यांनी माझा अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला.

"नमुना कुठे साठवणार?" त्यांनी विचारलं.

"सर, नमुना म्हणजे माणसं आहेत. माझ्या इमारतीतली."

"ते ठीक आहे. पण साठवणुकीचा रकाना मोकळा सोडता येत नाही."

मी रकान्यात 'आपापल्या घरी' असं लिहिलं. त्यांचं समाधान झालं. समितीत एक वकीलही होते. त्यांनी विचारलं की प्रश्नावली भरताना एखाद्याचा गिळलेला राग वर आला आणि त्यात दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर जबाबदारी कुणाची. मी म्हटलं, माझी. आपण केवढ्या मोठ्या गोष्टीची हमी देतोय याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

परवानगीपत्र आलं तेव्हा त्यावर सही होती, शिक्का होता, आणि विषय होता: 'गिळलेल्या नागाचे मापन'.

मी पत्र घेऊन कार्यालयात गेले. टंकलेखक म्हणाला, "एका अक्षराचा तर फरक आहे." मी म्हटलं, "हो, पण त्या अक्षरावर माझा सगळा लेख उभा आहे." तो म्हणाला, सही झालेल्या पत्रात खाडाखोड चालत नाही, पुन्हा समिती बसवावी लागेल. समिती पुढच्या सत्रात बसणार होती. तिकडे 'मानसमापन'वाल्यांना लेखाआधी परवानगीपत्राची प्रत लागते, म्हणून मी तीच पाठवली, सोबत खुलासा जोडला. त्यांच्या कार्यालयाने खुलासा वाचला नाही. पत्र मात्र वाचलं. उत्तर आलं: संशोधनात सरपटणाऱ्या प्राण्यांचा समावेश असल्याने प्राणिकल्याण समितीचं प्रमाणपत्र जोडावं, आणि नाग कुणी गिळला ते स्पष्ट करावं.

मी हे पत्र स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं, तर भाचेसाहेब म्हणाले, "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. विषय बदला, नागावर करा. नाग घ्यायला मासिकं टपलेली असतात." सगळे हसले. मीही हसले. माझ्याच प्रश्नावलीतलं बारावं विधान असं होतं: 'माझी चेष्टा झाली तर मीही सगळ्यांबरोबर हसते.'

अखेर प्राचार्यांनी हळू आवाजात एक शुद्धिपत्रक काढलं आणि नाग एकदाचा बिळात गेला. पण यात माझा सगळा वेळ गेला होता आणि बढतीच्या अर्जाची मुदत अंगावर आली होती.

इमारतीत मी घरोघरी फिरून प्रश्नावल्या वाटल्या. लोकांनी आनंदाने घेतल्या. आनंद टिकला नाही, त्याला कारण माझा नवरा. अशा प्रश्नावलीत दोन-चार विधानं सापळ्याची असतात. 'मी आयुष्यात कधीही खोटं बोललेलो नाही.' 'मला कुणाचाही हेवा कधी वाटलेला नाही.' यांना जो 'अगदी खरं' म्हणतो तो एकतर संत असतो नाहीतर थापाड्या, आणि आमच्या इमारतीत संत राहत असल्याचं मला माहीत नव्हतं. अशा माणसाची बाकीची उत्तरं जरा सांभाळूनच घ्यायची असतात. ही धंद्यातली गोष्ट मी नवऱ्याला विश्वासाने सांगितली. त्याने ती गंमत म्हणून लिफ्टमध्ये आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना सांगितली. सेक्रेटरींनी सापळ्याच्या सगळ्याच विधानांना 'अगदी खरं' म्हटलेलं होतं.

संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. मागे त्यांच्या पत्नी.

"वहिनी, मी खोटारडा आहे का?"

"तसं नाही हो. ती एक शास्त्रीय पद्धत असते."

"म्हणजे शास्त्रीय पद्धतीने खोटारडा आहे."

"भाऊसाहेब, प्रत्येक माणूस कधी ना कधी खोटं बोलतोच."

"मी नाही बोलत. हिला विचारा." त्यांनी पत्नीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "नाही बोलत ते." आणि लगेच खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'इमारतीत कोणत्याही प्रकारची मोजणी पूर्वपरवानगीशिवाय करू नये. सदर मोजणीसाठी घरोघरी फिरू नये.' नाव नव्हतं, पण बाण काढून आमच्या घराचा नंबर तेवढा घालायचा राहिला होता. दंतवैद्य जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "म्हणून म्हणत होतो, दाढा तपासा. दाढा खोटं बोलत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत."

आता पंचाईत अशी होती की मला दुसरी फेरी करायचीच होती. मोजपट्टीने आज टेबल चार फूट भरलं आणि पुढच्या महिन्यात साडेपाच, तर ती पट्टी फेकून द्यायची. म्हणून तीच प्रश्नावली त्याच माणसांना काही आठवड्यांनी परत द्यायची असते. उत्तरं साधारण तशीच आली तर पट्टी भरवशाची. साधारण तशीच, हुबेहूब नव्हे. माणूस म्हणजे टेबल नाही, त्याचं थोडं इकडेतिकडे होणारच.

हे सगळं मी माझ्या सासूबाईंना जेवताना समजावून सांगितलं होतं. टेबलाच्या उदाहरणासकट. फक्त 'साधारण' या शब्दावर जोर द्यायला विसरले असणार.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या. अर्ध्या शहराचं बोलणं त्यांच्या कानांवरून गेलेलं, आणि त्यातला एक शब्द कधी ओठांवर आला नाही. त्यांचा आवाज अजूनही तसाच आहे, स्वच्छ, कोरडा, समोरच्याला तीन मिनिटांत आवरतं घ्यायला लावणारा. त्या म्हणाल्या, "तू फिरू नकोस. मी बघते. सेक्रेटरी माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही." मला खरोखर भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्यात कधी खडाजंगी झाली नव्हती. झालीच नव्हती, कारण मी 'असू द्या आई' म्हणायची आणि त्या 'मला काय करायचंय' म्हणायच्या. अशाने घरं फार शांत राहतात.

आठवड्याभरात त्यांनी गठ्ठा माझ्या हातात ठेवला. एकही कागद कमी नाही, सेक्रेटरींचासुद्धा होता. मी आकडे टाकले आणि दोन्ही वेळच्या उत्तरांचा मेळ काढला. पूर्ण मेळ बसला तर एक येतो. एरवी लोक शून्य पूर्णांक आठवर देव पावला म्हणतात. माझा शून्य पूर्णांक नव्व्याण्णव आला.

शंका यायला हवी होती. नाही आली. मुदत दारात उभी होती, भाचेसाहेबांचं हसणं कानात होतं, आणि माणसाला आपल्या कर्तबगारीवर विश्वास ठेवायला फार पुरावा लागत नाही. मला वाटलं, मी जन्मजात मोजपट्टीकार आहे. लेख पाठवून दिला आणि त्या दिवशी सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं.

लेखावर दोन परीक्षकांचं मत येतं. त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत. परीक्षक एकने लिहिलं होतं की काम उपयुक्त आहे, मात्र गिळलेला राग आणि पचलेला राग यांतला फरक लेखिकेने स्पष्ट करावा. भला माणूस. परीक्षक दोनने लिहिलं होतं: 'दोन्ही वेळच्या उत्तरांत जवळजवळ पूर्ण मेळ आहे. माणसं इतकी मेळ खात नाहीत. दुसऱ्या फेरीची उत्तरं लेखिकेने घरी बसून स्वतः भरलेली दिसतात. शिवाय लेखनाचा सूर वैतागलेला आहे.' खाली संपादकांची टीप होती की प्रत माहितीसाठी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पाठवली आहे.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते अगदी खरं आहे. वाटेत प्राचार्यांच्या दारापाशी ती जरा थांबते, कारण तिथे हळू आवाजात बोलावं लागतं.

"माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," प्राचार्य इतके हळू म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं. "पण चौकशी समिती नेमावी लागेल. नियमच तसा आहे. रसायनशास्त्राचे सर अध्यक्ष असतील."

"सर, खोटे आकडे घातल्याचा आरोप आहे माझ्यावर. यात नोकरी जाते."

"तोवर जाणार नाही," ते म्हणाले. तोवर म्हणजे कधीपर्यंत, ते मी विचारलं नाही.

घरी आले. सासूबाई खिडकीशी पेपर वाचत होत्या, नवरा मोबाइलवर कुणाला तरी छटा समजावून सांगत होता. मी उभ्याउभ्याच विचारलं, "आई, दुसऱ्या वेळी लोकांनी कागद कसे भरले?"

"व्यवस्थित भरले," त्या म्हणाल्या. "तू कॉलेजला गेलीस की चार-चार जणांना इथे बोलवायचे. प्रत्येकापुढे त्याचा जुना कागद ठेवायचे. तुझ्या कपाटातच होता गठ्ठा. म्हटलं, बघून लिहा, इकडचं तिकडे करू नका. एकाला करू दिलं नाही. तो दातवालाच तेवढा नडला, म्हणाला माझं मत बदललंय. त्याला एक उत्तर बदलू दिलं."

शून्य पूर्णांक नव्व्याण्णवमधला तो कमी पडलेला एक शतांश म्हणजे आमचे दंतवैद्य होते.

"जुना कागद पुढे ठेवून?" मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"तूच म्हणालीस ना, टेबल साडेपाच फूट भरलं तर पट्टी फेकून देतात. मी फेकू दिली नाही. तुझी बढती जायची वेळ आली होती, मी काय नुसती बघत बसू?"

नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला. "हे बघ, आईचा हेतू चांगला होता," तो म्हणाला.

जगात जेवढी वाक्यं आहेत त्यांत माणसाला वेडं करण्याची ताकद या वाक्याइतकी दुसऱ्या कशात नसेल. हेतू वाईट असता तर मला भांडता आलं असतं. मी आत जाऊन दार लावलं. आपटलं नाही, लावलं. मग बाहेर नवऱ्याचा आवाज ऐकू आला: "तू काळजी करू नकोस, मी एक फोन करतो. माझ्या ओळखीचा एक जण छपाईच्या कागदात आहे." मी दार उघडलं, त्याच्या हातातून मोबाइल घेतला, बंद केला आणि परत आत गेले. संसारात मी केलेलं हे पहिलं उघड बंड. त्याने 'बरं नाही का वाटत?' एवढंच विचारलं.

सकाळी सासूबाई तयार होऊन बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, बाहेर जायचा चष्मा, पिशवीत पाण्याची बाटली, आणि हातात परीक्षकांचे ते कागद, जे रात्री मी टेबलावरच टाकले होते.

"कुठे निघालात?"

"तुझ्या संपादकाकडे. केलं मी, सांगणार मी."

"आई, असं कुणी जात नाही."

"म्हणूनच त्यांचं फावतं," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या.

'मानसमापन पद्धती'चं कार्यालय चष्म्याच्या एका दुकानावर, लाकडी जिना चढून गेल्यावर होतं. साऱ्या विद्यापीठांना धाक असलेलं हे त्रैमासिक दोन खोल्यांत राहत होतं. एका खोलीत जुने अंक छतापर्यंत रचलेले, दुसरीत संपादक. कृश, नीटनेटके, वयाने सासूबाईंच्या आसपास. छापील मजकुरावर पट्टी ठेवून ते एकेक ओळ तपासत होते. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी ओळ पूर्ण केली, मग वर पाहिलं.

"लेखकांनी भेटायला येण्याची पद्धत नाही," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसल्या. "मी लेखक नाही. मी तिची सासू. कागद मी बघून लिहायला लावले. हिला पत्ता नव्हता. तुम्ही पोरीवर आळ घेतलात तो मागे घ्या."

संपादकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, नमुना लेखिकेच्याच इमारतीतला, म्हणजे तुम्ही स्वतः उत्तरं देणाऱ्यांपैकी आहात. शिवाय लेखिकेच्या नात्यातल्या. तुमचा शब्द पुरावा म्हणून धरता येत नाही."

"मग काय धरता येतं?"

"आकडे. आकडे सांगतात की काहीतरी खोटं आहे. ते बरोबर सांगत होते, हे तुम्हीच आत्ता कबूल केलंत." मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही. नव्व्याण्णव आलेले पाहून तुम्हाला शंका आली नाही? तुम्ही हे विद्यार्थ्यांना शिकवता. माणसं इतकी मेळ खात नाहीत."

ते बरोबर बोलत होते. म्हणूनच मला सहन झालं नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी मान किंचित कलती केली. एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावलेल्या त्यांच्या जुन्या फोटोत अशीच मान आहे.

"हेच वाक्य त्या कागदात होतं," त्या म्हणाल्या. "परीक्षक दोन. शब्दाला शब्द. तो परीक्षक दोन तुम्हीच."

संपादकांनी पट्टी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

त्यानंतर मी जे बोलले ते मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की मी उभी होते आणि खालच्या दुकानातला माणूस जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबला होता. मी त्यांना नागाबद्दल सांगितलं. नमुना आपापल्या घरी साठवल्याचं सांगितलं. म्हटलं, तुम्हाला विचारायचं होतं तर मला का नाही विचारलंत, प्राचार्यांना परस्पर पत्र का धाडलंत? एका ओळीचं पत्र मला टाकायला काय झालं होतं? नाव झाकून आळ घ्यायचा आणि वर सूर वैतागलेला आहे म्हणायचं. ज्या बाईला वर्षानुवर्षं दारात उभं करून नियम दाखवलाय तिचा सूर कसा असायला हवा, याची काही पट्टी आहे का तुमच्याकडे? मी पहिल्यांदाच कुणाशी एवढ्या मोठ्याने बोलत होते. छान वाटत होतं असं नाही. पण थांबावंसंही वाटत नव्हतं.

मी थांबले तेव्हा संपादकांनी मला पाणी दिलं. सासूबाईंनी ते बाजूला सारून आपल्या बाटलीतलं दिलं.

"पत्र पाठवण्यात माझी घाई झाली," ते म्हणाले. आवाज पहिल्यासारखाच सपाट होता, पण कान लाल झाले होते. "मी आजच तुमच्या प्राचार्यांना लिहितो की आळ मागे घेतला आहे. लेख मात्र छापता येणार नाही. आकडे बिघडलेले आहेत."

"ते मलाही कळतं," मी म्हटलं.

"जे घडलं ते लिहून द्या. वाचकांच्या पत्रव्यवहारात छापतो. एकाची चूक दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल."

"पत्रव्यवहार बढतीला धरतात का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"वाटलंच."

आम्ही जिन्यापर्यंत आलो तेव्हा ते मागून म्हणाले, "मॅडम, एक सांगतो, राग मानू नका. तो तुमचा गिळलेला राग कागदावर सापडणं कठीण आहे. गिळणारा माणूस कागदावरही गिळतो."

बढतीचं इथेच सांगून टाकते, म्हणजे त्यावरून पुन्हा डोकं फिरायला नको. मिळाली नाही. चौकशी समिती बरखास्त झाली, पण ती बरखास्त केल्याचं पत्र 'नागाच्या' विषयाखाली निघालं. माझं पत्र छापून आलं ते सगळ्यात शेवटच्या पानावर, आणि त्यावर पुढच्या अंकात कुणीतरी 'सासू' या शब्दाची व्याख्या मागितली. सेक्रेटरींनी ते पान मिळवलं, त्यात आपला उल्लेख शोधला, सापडला नाही, आणि मग आपल्याला मुद्दाम वगळल्याबद्दल ते माझ्याशी बोलायचे बंद झाले.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. कार्यालयातून उतरून आम्ही बसथांब्यावर आलो. बाकावर दोघीच होतो.

"त्या माणसाचं शेवटचं बरोबर होतं," सासूबाई समोरच्या दुकानाकडे बघत म्हणाल्या.

"कोणतं?"

"कागदावरचं. दुसऱ्या वेळी मी जुनं बघून लिहिलं ते खरं. पण पहिल्या वेळचंही खोटंच होतं. 'घरातल्या माणसाचा राग आला तरी मी बोलून दाखवत नाही.' त्यापुढे मी 'क्वचित' लिहिलं. सून वाचणार म्हटल्यावर दुसरं काय लिहिणार? सेक्रेटरीच्या बायकोने तर नवऱ्याला विचारून लिहिलं."

"मग खरं उत्तर काय होतं?"

"नेहमी."

बस आली. त्या उठल्या नाहीत, म्हणून मीही उठले नाही. बस गेली.

"एक्स्चेंजमध्ये सुपरवायझरची जागा माझी होती," त्या म्हणाल्या. "ती साहेबांच्या मेहुण्याला दिली. त्याला बोर्डावरची वायर कुठे लावतात ते माहीत नव्हतं, मीच शिकवलं. सत्काराच्या दिवशी त्याला फुलं द्यायला मलाच पुढे केलं. मी दिली, हसून दिली. अजून फुलवाल्याच्या दुकानासमोरून जाताना माझं डोकं सणकतं."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणाला बोलणार? तू तरी कुठे बोलतेस?"

मी विचारलं, "आणि घरातल्या माणसाचा राग, तो कुणाचा?"

"तुझा," त्या म्हणाल्या. अगदी स्वच्छ, लाइन लागल्यासारखा आवाज. "तू ते 'असू द्या आई' म्हणतेस ना, त्याचा. मी काही म्हटलं की असू द्या. भाजी आणली, असू द्या. तुझ्यासाठी थांबून राहिले, असू द्या. मी म्हणजे काय दारात आलेली विक्रेती आहे? एकदा तरी म्हण की आई, तुमचं चुकलं."

"तुमचं चुकलं," मी म्हटलं. "माझं कपाट मला न विचारता उघडलंत, हे चुकलं. आणि पहिल्यांदा नाही उघडलंत. माझ्या कपाटातल्या साड्यांच्या घड्या तुम्ही बदलता, मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"घड्या चुकीच्या घालतेस म्हणून बदलते."

"माझ्या साड्या आहेत."

"कपाट माझ्या बापाने दिलेलं आहे."

"मी घासलेला कप तुम्ही परत विसळता. माझ्यासमोर."

"कारण त्याला साबण असतो. आणि तू बहिणीशी बोलताना दार लावून घेतेस. मी आयुष्यभर लोकांचं बोलणं ऐकलं आणि एक शब्द बाहेर काढला नाही. माझ्यापासून दार लावतेस?"

"दार लावते कारण मी तुमच्याबद्दलच बोलत असते."

त्यांनी झटकन माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. लाल झाल्या होत्या, नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि वयाने दहा वर्षांनी लहान दिसत होत्या.

"काय बोलतेस?" त्यांनी विचारलं. "सगळं सांग. सुरुवातीपासून."

मी सांगायला लागले. त्या मधेमधे तोडत होत्या, मी त्यांना तोडत होते. थांब्यावर आलेला एक गृहस्थ जरा लांब जाऊन उभा राहिला. दुसरी बस आली आणि गेली. माझ्या मोबाइलवर नवऱ्याचा फोन आला, सासूबाईंनीच तो घेतला, "आम्ही कामात आहोत" म्हणाल्या आणि ठेवून दिला. मग त्यांनी स्वतः दोन घोट घेतले, बाटली माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आता लग्नाच्या वेळचं. तुझे वडील माझ्याशी काय बोलले होते, ते आधी ऐक."

तेवढ्यात तिसरी बस वळणावर दिसली. कंडक्टरने दार उघडून विचारलं, "यायचंय का?"

"नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.